मंडईचे फोटो आणि राहून गेलेली ऊर्मिला

दिवाळीचे दिवे विझतात, हलका धान खळ्यावर येऊन पडतो आणि झाडीपट्टीतल्या गावांना मंडईचे वेध लागतात. गोंदिया जिल्ह्यात, मध्य प्रदेशाच्या हद्दीला खेटून असलेल्या आमगावच्या परिसरातही हाच क्रम. आज या गावची मंडई, उद्या पलीकडच्या गावची, असे दिवस गावांनी परंपरेने वाटून घेतलेले असतात. गोवारी बांधव ढाल घेऊन नाचत येतात, बाजार भरतो, सासरी गेलेल्या लेकी मुलाबाळांसह माहेरी येतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात आणि रात्री मंडपात नाटक उभे राहते. नाटक नसेल तिथे दंडार, नाहीतर खडी गंमत. दिवाळीपासून होळीपर्यंत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांतल्या रात्री अशा जागत्या असतात. पुण्या-मुंबईच्या नाटकवाल्यांना प्रेक्षक नाही म्हणून चिंता लागलेली असते, तेव्हा इकडे अख्खे गाव थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बसलेले असते.

या मंडईत आता मोबाइल नसलेला हात सापडणे कठीण. ढाल निघाली की शंभर हात वर होतात. नाटकातले गाणे सुरू झाले की प्रेक्षकांत जणू दिव्यांचे शेत उगवते. एका रात्रीत हजारो फोटो निघतात आणि सकाळ होण्याआधी व्हॉट्सॲपवरून पुण्यापर्यंत पोहोचतात. आणि तरीही, दहा वर्षांपूर्वीच्या मंडईचा एखादा फोटो दाखवा म्हटले तर गाव एकमेकांच्या तोंडाकडे पाहते. कोणाचा मोबाइल फुटला, कोणाचे मेमरी कार्ड गेले, कोणी जागा होत नाही म्हणून पुसून टाकले. पिकाची नासाडी दुष्काळात होते तशी अतिवृष्टीतही होते. फोटोंच्या बाबतीत आपण सध्या अतिवृष्टीत सापडलो आहोत. वर्षाचा एवढा मोठा सण गाव निगुतीने आखते. मात्र त्याची आठवण कशी राखायची, याची आखणी कोणीच करत नाही.

आखणीत नसलेले पान

मंडईच्या नाटकाची तयारी हे साधे काम नाही. दसऱ्याच्या आसपास मंडळाची बैठक बसते. गडचिरोली जिल्ह्यातले वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या रंगभूमीचे माहेरघर. नाट्यमंडळ्यांच्या कचेऱ्या तिथे आहेत. गावकरी तिथे जातात, तारीख ठरवतात, बयाना देतात. मग मंडप, जनरेटर, तिकिटे, पोलीस ठाण्याची परवानगी. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. त्यांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही आणि वर्षातले मोजके दिवसच मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळू शकते. रात्रभर चालणाऱ्या रंगभूमीला हा पेच दरवर्षी सोडवावा लागतो. मंडळीच्या राहण्या-जेवण्याची सोय, पाहुण्यांची नावे, पत्रकावर त्या नावांचा क्रम (यावरून होणारे रुसवेफुगवे वेगळेच!) अशा सगळ्या गोष्टींची चर्चा रात्र-रात्र चालते. हिशेबाची वही चोख असते. खिळ्यांपासून चहापत्तीपर्यंत सगळे तिच्यात सापडते.

फोटोंविषयी मात्र या बैठकीत एकच वाक्य उच्चारले जाते: ‘फोटोवाल्याला सांगून ठेवा.’ काय सांगायचे, ते कोणी सांगत नाही. बिचारा फोटोवाला आपल्या अनुभवाने जे समजायचे ते समजतो. दीपप्रज्वलन, हार, शाल, श्रीफळ, माइकसमोर उभे असलेले उद्घाटक, खुर्च्यांवर ओळीने बसलेले मान्यवर. नाटक सुरू होते तेव्हा त्याचे काम जवळजवळ संपलेले असते. पुढे अल्बम आला की पहिली दहा पाने पाहुण्यांची. हार्मोनियमवर रात्रभर बोटे चालवणारा माणूस कुठेतरी कोपऱ्यात, अर्धा कापलेला. पडद्यामागून संवाद सांगणारा प्रॉम्प्टर नाहीच. मंडपाचे बांबू रोवणारे नाहीत, दीडशे माणसांचा भात रांधणाऱ्या बायका नाहीत, आणि दंडारीत लुगडे नेसून ज्याने सगळ्यांना थक्क केले, त्या मुलाचे नाव फोटोच्या मागे नाही.

पद्मपूरच्या नाटककाराने दाखवलेला चित्रपट

या प्रश्नावर विचार करायला आमगावकरांना दूर जाण्याची गरज नाही. संस्कृत नाटककार भवभूती आपल्या घराण्याचे गाव विदर्भातले पद्मपूर असल्याचे सांगतो. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर, असे प्रतिपादन केले. आमगावच्या महाविद्यालयालाही भवभूतीचेच नाव आहे. इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या पूर्वार्धातला हा नाटककार. त्याची तीन नाटके आपल्यापर्यंत पोहोचली आणि तिन्हींच्या प्रस्तावनेत सूत्रधार एकच गोष्ट सांगतो: हा प्रयोग कालप्रियनाथाच्या यात्रेत होत आहे. म्हणजे भवभूतीचे नाटक राजवाड्याच्या बंद दालनापुरते नव्हते. ते जत्रेतले नाटक होते. जत्रा आणि नाटक यांचा जो जोड आज मंडईत दिसतो, तो त्यालाही परिचयाचा होता.

त्याच्या ‘उत्तररामचरित’ नाटकाचा पहिला अंक चित्रदर्शनाचा अंक म्हणून प्रसिद्ध आहे. राज्याभिषेक झाला आहे, पाहुणे परतले आहेत, वडील जनक निघून गेल्याने गर्भवती सीता उदास आहे. तिचे मन रमावे म्हणून लक्ष्मण तिला आणि रामाला चित्रे दाखवायला नेतो. चित्रे त्यांच्याच आयुष्याची आहेत: मिथिलेतले लग्न, वनवास, पंचवटी. आजच्या घरात जेवणानंतर लग्नाचा अल्बम काढून बसतात, तसाच हा प्रसंग. या छोट्या प्रसंगात चित्र काढणे, दाखवणे आणि पाहणे यांबद्दल तीन गोष्टी भवभूतीने सांगून ठेवल्या आहेत.

पहिली गोष्ट ऊर्मिलेची. लग्नाच्या चित्रात लक्ष्मण एकेक वधू दाखवतो: ही सीता, ही मांडवी, ही श्रुतकीर्ती. स्वतःच्या बायकोचे नाव मात्र तो लाजून टाळतो. सीतेच्या ते ध्यानात येते आणि ती खट्याळपणे विचारते की ही आणखी एक कोण? लक्ष्मण विषय बदलतो. ऊर्मिला चित्रात आहे, पण तिचे नाव घेतले जात नाही. दुसरी गोष्ट मंथरेची. लक्ष्मण मंथरेचे चित्र दाखवतो, तेव्हा राम काही न बोलता घाईने पुढच्या चित्राकडे वळतो. घरातली जुनी जखम उघडी करायची नाही, हे त्याला कळते. तिसरी गोष्ट खुद्द सीतेची. शूर्पणखेचे चित्र येताच ती घाबरते, वियोगाच्या आठवणीने कासावीस होते आणि हे नुसते चित्र आहे, अशी रामाला तिची समजूत घालावी लागते.

कोणाचे नाव घ्यायचे, काय दाखवायचे टाळायचे आणि पाहणाऱ्याच्या मनावर काय होईल, हे तीन प्रश्न कॅमेऱ्याच्या हजार वर्षे आधी आमगावच्या परिसराशी नाते सांगणाऱ्या कवीने मांडले. आज मंडईचे फोटो काढताना याहून वेगळे प्रश्न नाहीत.

बारा आणि छत्तीस

फिल्मच्या काळात यांतल्या काही प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळत. अनेक घरांत जो आग्फाचा साधा ‘क्लिक थ्री’ कॅमेरा असे, त्याच्या रोलवर बारा फोटो निघत. पुढे पस्तीस मिलिमीटरच्या रोलवर छत्तीस आले. रोल धुवायचा खर्च वेगळा, प्रत्येक प्रतीचा वेगळा. त्यामुळे बटण दाबण्याआधी माणूस दहा वेळा विचार करी. फोटो काढायचा म्हणजे केस विंचरून, नवे कपडे घालून, श्वास रोखून उभे राहायचे. आलेल्या प्रतीच्या मागे कोणीतरी शाईने नावे आणि तारीख लिही. तो फोटो चौकटीत बसून भिंतीवर जाई आणि घरातल्या चार पिढ्यांना तोंडपाठ होई.

त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. छत्तीस फोटो परवडणारी घरे मोजकी होती. कितीतरी माणसांच्या आयुष्यातला एकमेव फोटो मतदार ओळखपत्रावरचा. कृष्णधवल फोटो टिकले, पण सत्तर-ऐंशीच्या दशकांतले रंगीत फोटो पुष्कळ ठिकाणी लालसर पडून विटले. मोबाइलने फोटो सगळ्यांच्या हाती दिला, हा मोठाच लाभ आहे. तोटा एवढाच की निवड गेली आणि निवडीबरोबर नोंद गेली. व्हॉट्सॲपवरून साध्या रीतीने पाठवलेला फोटो आकसतो आणि तो कधी काढला, ही त्याच्या पोटातली नोंदही गळून पडते. काही जण म्हणतील, फोटो इंटरनेटवर टाकले की सुरक्षित राहतात. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झाले, गुगल प्लस २०१९ मध्ये. परक्याच्या कोठारात ठेवलेला धान आपल्या हवाली राहत नाही.

जातीचे नाव आहे, माणसाचे नाही

नाव नसलेल्या फोटोचा इतिहास आपल्याकडे जुना आहे. इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंड छापले. हिंदुस्थानातल्या जातीजमातींचे नमुने म्हणून त्यांत माणसांचे फोटो लावले. गोंदिया-भंडाऱ्याचा भाग ज्या मध्य प्रांतात होता, तिथल्या जातीजमातींवर रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली काढला. ग्रंथ मोलाचा, अभ्यासकांना आजही लागणारा. पण त्यातल्या गोंडांच्या फोटोखाली जमातीचे नाव असते, प्रसंगाचे असते. त्या उभ्या माणसाला त्याची आई कोणत्या नावाने हाक मारी, ते कळत नाही.

आमगावहून रेल्वेने पूर्वेला निघाले की सालेकसा आणि मग दरेकसा लागते. तिथल्या डोंगरात कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला तिथे देशाच्या अनेक राज्यांतून गोंड समाज लोटतो. मोतीरावण कंगाली, सुन्हेरसिंह ताराम यांच्यासारख्या अभ्यासक-कार्यकर्त्यांनी १९८०च्या दशकापासून ही यात्रा नावारूपाला आणली, आपला इतिहास आपल्या भाषेत, आपल्या शब्दांत मांडण्याचा ध्यास घेतला. एका समाजाने ‘आमच्याबद्दल आम्ही सांगू’ म्हटले, त्याचे महत्त्व रसेलच्या ग्रंथाशेजारी ठेवून पाहिले म्हणजे कळते. अशा ठिकाणी कॅमेरा घेऊन जाणाऱ्याने आपण पाहुणे आहोत, हे ध्यानात ठेवावे. पूजेच्या वेळी आधी विचारावे, नको म्हटले तर कॅमेरा खाली करावा, आणि काढलेला फोटो ज्याचा आहे त्याच्यापर्यंत पोहोचवावा.

दुर्दैवाने मंडईत आज उलट चालते. नाटकातल्या नृत्याचा तेवढाच तुकडा कापून, नटीचे नाव न देता, भलत्याच मथळ्याखाली तो फिरवला जातो. तिने रात्रभर वठवलेली भूमिका कोणी पाहत नाही. पंधरा सेकंदांची कंबर मात्र जिल्हाभर पोहोचते. हीच का आपली लोककलेवरची माया?

कायदा या बाबतीत मुका नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली आणि कलावंताला आपल्या प्रयोगावर हक्क मिळाला; त्याच्या संमतीविना प्रयोगाचे चित्रण करता येत नाही. २०१२च्या दुरुस्तीने तर प्रयोगासोबत आपले नाव दिले जावे, असे म्हणण्याचा हक्कही दिला. हाच कायदा आणखी एक उपयोगाची गोष्ट सांगतो. पैसे देऊन कोणी फोटो काढून घेतले आणि वेगळा करार केलेला नसला, तर त्या फोटोंचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे मंडळाने फोटोवाल्याला मोबदला दिला असेल, तर ते फोटो मंडळाचे, पर्यायाने गावाचे. मग ते मागून, नीट जपून ठेवायला काय हरकत आहे?

पुरावा मागितला की

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. गावाच्या आठवणीसाठी, हे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर पोटाचे आहे. राज्य शासन ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देते. २०२४ साली ते दरमहा ५,००० रुपये करण्यात आले. त्यासाठी अर्ज करणाऱ्याला आपण इतकी वर्षे कला सादर केली, याचे पुरावे जोडावे लागतात. शहरातल्या नटाकडे जाहिराती असतात, परीक्षणे असतात, करारपत्रे असतात. तीस वर्षे दंडारीत नाचलेल्या, शेतमजुरी करून जगलेल्या माणसाजवळ काय असते? अशा वेळी मागे नाव, गाव आणि साल लिहिलेले चार फोटो त्याच्या हाती असले, तर त्याच्या बाजूने बोलणारे काहीतरी असते.

गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या नावावर पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि सुमारे आठशे भूमिका सांगितल्या जातात. झाडीपट्टीचा हा केवढा गौरव! पण या रंगभूमीच्या इतर शेकडो कलावंतांच्या भूमिकांची नोंद कोणत्या गावात, कोणत्या कपाटात सापडेल? डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीतले शब्द आणि लोककला वेचून ठेवल्या. तसेच वेचण्याचे काम फोटोंच्या बाबतीत गावोगावच्या मंडळांनी करायचे आहे. विद्यापीठ येऊन ते करील, याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

मंडळाने एवढे करावे

काम अवघड नाही आणि खर्चाचेही फारसे नाही. पहिल्या बैठकीतच दोघांवर फोटोंची जबाबदारी द्यावी. त्यांत एक बाई किंवा मुलगी असावी. चुलीजवळ, बायकांच्या घोळक्यात, माहेरवाशिणींच्या गप्पांत तिला जसे सहज जाता येईल, तसे परक्या फोटोवाल्याला येणार नाही. कोणते फोटो हवेतच, याची यादी कागदावर करावी. यादीत पाहुणे असू देत, पण ढाल धरणारे, वाद्ये वाजवणारे, मंडप घालणारे, रांधणारे, प्रॉम्प्टर आणि सर्वांत म्हातारा प्रेक्षकही असावा.

दिवसाचे फोटो लवकर उरकावेत. कार्तिकात आपल्याकडे सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, मुंबईच्या अर्धा तास आधी. ढालीची मिरवणूक चारला निघाली तर उजेड सापडतो, सहाला निघाली तर नुसती धूळ सापडते. रात्री रंगीत दिव्यांत धावत्या नटांचे फोटो हलतात, चेहरे निळे-जांभळे येतात आणि फ्लॅश डोळ्यांवर मारला की नटाचे चित्त विचलित होते. त्यावर साधा उपाय आहे. नाटकमंडळींना आधी विचारून ठेवावे आणि पहिल्या घंटेपूर्वी, सगळे रंगून तयार असताना, पांढऱ्या उजेडात सर्वांचा एक फोटो घ्यावा. नट, नट्या, वादक, रंगभूषाकार, पडदा ओढणारा, सगळे. फोटो झाल्याबरोबर डावीकडून उजवीकडे नावे वहीत लिहून घ्यावीत. उद्या लिहू म्हटले की ते राहिलेच; उद्या मंडळी दुसऱ्या गावी गेलेली असते.

मंडई संपली की आठवड्याभरात बसून निवड करावी. हजारांतून छत्तीसच निवडावेत, जुन्या एका रोलइतके. या छत्तिसांच्या प्रती काढून, मागे नाव, गाव, तारीख लिहून, एक अल्बम शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या वाचनालयात ठेवावा. मूळ फोटो दोन वेगवेगळ्या घरांत, दोन डिस्कवर असावेत. ज्यांचे फोटो आहेत त्यांना एकेक प्रत द्यावी. एका सत्काराच्या शाल-श्रीफळ-पुष्पगुच्छांच्या खर्चात यातले बरेच काही बसते.

निवड करताना मंथरेच्या चित्राचीही आठवण ठेवावी. प्यालेला, भांडणात सापडलेला, रडणारे मूल, पदर सरकलेली बाई असे फोटो निघाले तरी पुढे जाऊ नयेत. कोणी येऊन माझा फोटो काढून टाका म्हटले, तर कारण न विचारता काढावा. रामाने मंथरेचे चित्र फाडले नाही, फक्त त्यावर रेंगाळला नाही. हा विवेक यंत्र शिकवत नाही. तो बैठकीत बसूनच ठरवावा लागतो.

पुढल्या वर्षीच्या मंडईत, मंडपाच्या दाराशी दोरी बांधून हे छत्तीस फोटो टांगावेत. माणसे थांबतील. लेकी आपापल्या मुलांना आजोबा दाखवतील. वर्षभरात जो गेला, त्याच्या फोटोसमोर एखादी बाई अंमळ जास्त वेळ उभी राहील. आणि ज्या चेहऱ्याचे नाव मंडळाला सापडले नव्हते, त्याच्यापुढे कोणीतरी बोट ठेवून नक्की विचारील की हा आणखी एक कोण? तेव्हा उत्तर लिहून घ्यायला वही आणि पेन तिथेच दोरीला बांधलेले असावे. ऊर्मिलेचे नाव घ्यायला लक्ष्मण लाजला. गावाला आपल्या माणसांची नावे घ्यायला लाजण्याचे काहीच कारण नाही.